स्लीव्ह सर्जरीनंतर (वजन उतरवायला जठर कापून लहान करतात ते ऑपरेशन) रात्री झोपायचं कसं? कुशीवर वळलं तर आतले टाके तुटतात का? मी जन्मभर पालथी झोपणारी आहे, पालथं कधी झोपता येईल?

ताई, प्रश्न वाचून हसूच आलं, तुमच्यावर नाही, माझ्यावर. ह्या झोपण्यावरून आमच्या घरात जे रामायण झालं ते अजून मिटलेलं नाहीये.

मी पण पालथीच झोपणारी. एक हात उशीखाली, एक पाय दुमडलेला, तोंड भिंतीकडे. 112 किलो झाले तरी सवय तीच. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याला स्लीव्ह झाली. डाएटचे चार कागद हातात दिले, प्रोटीन किती, पाणी किती, आणि झोपेबद्दल एक ओळ, डोकं उंच ठेवा. किती उंच, कशानं उंच, ते तुमचं तुम्ही बघा. हॉस्पिटलात कळत नाही कारण तिथला पलंग बटण दाबलं की वर येतो. खरी मजा घरी आल्यावर.

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला पोटाशी उशी घट्ट धरून बसले होते, सीटबेल्ट त्या उशीवरून. ती उशी महिनाभर सोडू नका. खोकला, शिंक, उचकी आणि सगळ्यात वाईट म्हणजे हसू, आलं की उशी दाबायची.

पहिल्या रात्री आमच्या दिवाणावर नेहमीसारखी उताणी आडवी झाले आणि उजव्या खांद्यात अशी कळ आली की मला वाटलं हार्ट अटॅकच. तो गॅस असतो. दुर्बिणीनं ऑपरेशन करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, थोडा आत राहतो, तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून दुखतो मात्र खांदा. ढेकर देऊन जात नाही, चालल्यावर बरं वाटतं. मी हॉल ते किचनची गॅलरी अशा फेऱ्या मारत होते, रात्री एकला, गाऊनवर स्वेटर आणि पायात ते घट्ट पांढरे मोजे, भुतासारखी.

मग ह्यांना सुचलं, बाबांची आरामखुर्ची. म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सागवानी, लांब हातांची, मागे दांडी सरकवायला तीन खाचा, निळ्या पट्ट्यांचं जाड कापड. सासरे गेल्यापासून माळ्यावर होती. काढली, पुसली, दांडी मधल्या खाचेत टाकली आणि खरं सांगते, दोन रात्री मी इतकी शांत झोपले तेवढी ऑपरेशनच्या आधी वर्षभरात झोपले नव्हते. पाठ तिरकी, गुडघे किंचित वर, पोटावर कुठलाच ताण नाही. मला स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता, म्हणून नळी आणि मास्कमधून हवा सोडणारं सीपॅपचं मशीन शेजारी स्टुलावर.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता खालून बारीक टर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं पोटातच झालं काहीतरी. आणि पुढच्या क्षणाला मी खुर्चीच्या चौकटीतून खाली, बूड फरशीला टेकलेलं, गुडघे हनुवटीशी, दोन्ही हात वर त्या लाकडी हातांवर. उठता येईना, कारण पोटाच्या स्नायूंनी संपच केलेला. हाका मारतेय तर तोंडावर मास्क. नळी निघून फुस्स करायला लागली त्या आवाजानं हे जागे झाले, माझ्या हाकेनं नाही. आणि मला हसू आवरेना, हसलं की दुखतंय, उशी लांब पडलेली.

तुमच्या टाक्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ओळीनं विचारलं, ताप आहे का, नाडी किती, दम लागतोय का, पोट कडक झालंय का, उलटी? काहीच नव्हतं. मग म्हणाले, आत जठर स्टेपलच्या ओळीनं बंद केलेलं आहे, ते कूस बदलून किंवा असं बसकण मारून उघडत नाही, बाहेरची भोकं तर अर्धा-एक सेंटीमीटरची आहेत, तरी सकाळी परत फोन करा. तेव्हा कुशीवर वळा खुशाल. दुखेल, पण दुखणं म्हणजे फाटणं नाही.

सकाळी वन्सं आल्या. माझी नणंद गावातच असते. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा (मी तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं पाणी पीत होते, टोपणभर पाणी पंधरा मिनिटं पुरवायचं, आणि ह्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या). खुर्ची बघितली आणि म्हणाल्या, "बाबांनी पस्तीस वर्षं वापरली, काही झालं नाही." थोडं थांबून, "एवढे पैसे घालून शॉर्टकट घेण्यापेक्षा जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती."

शॉर्टकट! मी दोन वर्षं रोज पहाटे अजिंक्यतारा चढले आहे. नऊ किलो उतरले, चौदा परत आले. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात, त्यात वरचा जो फुगीर भाग जातो तिथंच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, जास्त तयार होतं. म्हणजे भूक ही जिभेची बदमाशी नाही, ते रसायन आहे. विमा कंपनीच्या कागदातसुद्धा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 च्या वर असेल, नाहीतर 35 च्या वर आणि जोडीला कंट्रोलमध्ये नसलेली शुगर किंवा जोरदार स्लीप ॲप्निया वगैरे असेल, तर हे ऑपरेशन धरतात, तेही साधे उपाय करून झाल्यावर. फेशियल धरतात का? हे सगळं त्या दिवशी बोलायचं होतं पण ताज्या ऑपरेशनची बाई, गरम पाण्याचा घोट घेत गप्प बसले. आता इथं लिहितेय. तुमच्याकडेही कोणी वन्सं असतील तर ऐकून घेऊ नका, तिथल्या तिथं बोला, नाहीतर माझ्यासारखं मनात राहतं. आणि "पडून राहा, आराम कर" म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका, पडून राहिलं की पायात गुठळी होण्याची भीती, त्यासाठीच ती पोटातली इंजेक्शनं देतात.

खुर्ची गेल्यावर परत दिवाण. उशांचा ढीग करू नका, मी केला, रात्रीतून सगळ्या घसरतात, मान वाकते आणि उलट पोट दुमडून घशाशी येतं. उतार कमरेपासून पाहिजे. ह्यांनी डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा सरकवल्या, गादीखाली गोधड्यांच्या घड्या घातल्या, वर जास्त, खाली कमी, आणि गुडघ्यांखाली लोड, नाहीतर रात्रभर तुम्ही खाली घसरत राहता. तिरकी फोमची उशी ऑनलाइन मिळते म्हणे, तुम्ही तीच घ्या, आमची सगळी अक्कल नंतर आली.

आठव्या दिवशी डाव्या कुशीवर झोपले, पोटाला आधार म्हणून पुढे उशी, गुडघ्यांमध्ये एक. डावीच कूस, उजव्या कुशीवर ॲसिड वर येतं आणि स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढते हे आधीच कोणी नीट सांगत नाही. उठताना उताण्यावरून सरळ उठायला जाऊ नका, आधी कूस, मग पाय पलंगाखाली सोडायचे, मग कोपरानं रेटा द्यायचा. सिझेरियन झालेलं असेल तर माहितीच आहे.

हां, हे सगळं दुर्बिणीच्या ऑपरेशनचं. ओपन झालं असेल किंवा सोबत हर्नियाचं काही केलं असेल तर सर्जनना विचारा, माझं ऐकू नका. खांदादुखी गॅसचीच आहे असं धरूनही चालू नका, सोबत ताप, धडधड, दम असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर रात्र असली तरी फोन करायचा. सीपॅप लावत असाल तर बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका, वजन उतरल्यावर परत टेस्ट करून डॉक्टरच सांगतात. माझं दहा महिन्यांनी सुटलं.

आणि पालथं. मला सहा आठवड्यांनी परवानगी मिळाली, त्याच रात्री झोपले, दहा मिनिटांत घशात जळजळ. परत विटा. पाचव्या महिन्यात एकदा पहाटे जाग आली तर मी पालथी, हात उशीखाली, तोंड भिंतीकडे, कधी वळले कळलंच नाही. तुमचं आधी होईल, नंतर होईल, सांगता येत नाही.

खुर्ची वन्सं घेऊन गेल्या, बाबांची आठवण म्हणून. नवं कापड मी माझ्या पैशानं घालून दिलं, दुपदरी. ते बदलताना सुताराकडं मी स्वतः उभी होते, जुनं कापड मधे कुठंच फाटलेलं नव्हतं. वरच्या दांडीजवळची शिवण उसवली होती, पस्तीस वर्षांचा दोरा, बोटानं ओढला तर पीठ व्हायचा.