नाव आपले, माल दुसऱ्याचा

प्रश्न : मी कोल्हापुरात स्वतःच्या नाममुद्रेने कोल्हापुरी चपला विकते. नोंदणी केलेली नाही. आता एक विक्रेता हुबेहूब माझेच नाव व चिन्ह वापरून ऑनलाइन विक्री करत आहे. काय करता येईल?

उत्तर : नोंदणी नसली तरी आपण निराधार नाही. व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 27(2) नुसार, स्वतःचा माल दुसऱ्याचा असल्याचे भासवून विकणाऱ्याविरुद्ध दावा लावण्याचा हक्क अबाधित राहतो. मात्र त्यासाठी आपला वापर आधीचा आहे आणि त्या नावाने ग्राहकांत ओळख निर्माण झाली आहे, हे सिद्ध करावे लागते. म्हणून जुनी बिले, जाहिराती, प्रदर्शनांच्या पावत्या आणि त्या विक्रेत्याच्या पानांची तारखेसह छायाचित्रे आजच जपून ठेवा. पुराव्यापूर्वीच नोटीस धाडली, तर ती पाने एका रात्रीत नाहीशी होतात.

नोंदणीचा अर्ज त्याच वेळी पादत्राणांच्या वर्ग 25 मध्ये करावा. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क प्रतिवर्ग 4500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. त्या विक्रेत्याचाच अर्ज व्यापारचिन्हांच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाला असल्यास चार महिन्यांच्या आत हरकत नोंदवता येते.

‘कोल्हापुरी’ या शब्दावर मात्र एकटीचा हक्क सांगू नका. त्या चपलांना भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातील मालाची कायदेशीर ओळख) आहे आणि ते सर्व कारागिरांचे सामाईक संरक्षण आहे. आपला दावा आपल्या विशिष्ट नावापुरता व चिन्हापुरताच असावा. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील ‘आर’ (®, म्हणजे चिन्ह नोंदणीकृत असल्याची खूण) छापणेही टाळावे. ते कायद्याने दंडनीय आहे.