क्रीम चाललं की नाही, हे फोटोवरून ठरवायचं काम

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली आहे. बेळगावात बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला शिकते. सुट्टीत मामांच्या स्टुडिओत लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढते, एडिटिंगही जमतं. क्रीमचा परिणाम मोजायला कंपन्या चेहऱ्यांचे फोटो काढून घेतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. यात नोकरी मिळते का? कॅमेरा मला येतो, मग वेगळं काय शिकायचं? पप्पा म्हणतात, फोटोच काढायचे होते तर फार्मसीला कशाला घातलं!

उत्तर: नोकरी मिळते. पण ‘फोटोग्राफर पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसलीस तर हाती काही लागणार नाही. हे काम क्लिनिकल रिसर्चच्या, म्हणजे औषधं-क्रीमं माणसांवर तपासून बघण्याच्या कामाच्या, पोटात दडलेलं असतं. पदाचं नाव क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, ट्रायल असिस्टंट, क्वचित इमेजिंग टेक्निशियन असं असतं. ‘चार आठवड्यांत डाग फिके’ असं डब्यावर छापायचं तर कंपनीकडे पुरावा लागतो. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे दिशाभूल करणारा दावा करता येत नाही आणि तक्रार गेली तर जाहिरात मानक परिषदही आधार मागते. त्या पुराव्यातला एक मोठा भाग म्हणजे फोटो. म्हणून पप्पांना सांग, फार्मसी वाया जात नाही. उलट नुसता कॅमेरा येणाऱ्याला या दारातून आत घेत नाहीत.

मामांकडे शिकलेलं निम्मं तुला इथे विसरावं लागेल. लग्नात नवरीचा चेहरा बघून तू दिवा सरकवतेस, सावळी असेल तर एक्स्पोजर चढवतेस, तेलकट नाकावरची चमक नंतर पुसून टाकतेस. इथे यातलं काहीच चालत नाही. पहिल्या दिवशी जे ठरलं तेच बाराव्या आठवड्यापर्यंत. बदलायची परवानगी फक्त त्वचेला. फोटो सुंदर आला की नाही हे कुणी विचारत नाही, आधीच्यासारखा आला का एवढंच बघतात.

हे बोलायला सोपं आहे, करायला नाही. म्हणून घरी एक प्रयोग कर. चेहरा नको, स्वतःच्या डाव्या हाताचा आतला भाग घे, मनगटापासून चार बोटं वर. चौदा दिवस रोज एक फोटो, आणि त्या जागेवर काहीही लावायचं नाही. मग चौदा फोटो शेजारी शेजारी लावून बघ. त्यात ‘फरक’ दिसला तर तो क्रीमचा नाही, तुझा आहे. ज्याचे काही न लावलेले फोटो जुळत नाहीत त्याच्या क्रीम लावलेल्या फोटोंना अर्थ नाही.

मांडणी अशी कर. मामांकडे ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर १८-५५ चालेल, पण ५५ वर ठेवून झूमची रिंग चिकटपट्टीने बांधून टाक. चेहऱ्याला लहान फोकल लेंग्थ वापरली की कॅमेरा जवळ न्यावा लागतो, नाक फुगतं आणि गाल मागे पळतात. स्टँड, खुर्ची आणि लाइट यांचे पाय जमिनीवर पट्टीने खुणवून ठेव. फोकस मॅन्युअल. आयएसओ १००, शटर १/१२५, लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ ११. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेली मूळ नोंद, कारण जेपीईजी करताना कॅमेरा आपल्या मर्जीने रंग आणि धार चढवतो. मोबाइल तर या कामाला नकोच. ‘ब्यूटी’ बंद केलं तरी त्याची आतली सफाई पूर्ण थांबत नाही आणि जी बारीक रेघ तुला मोजायची तीच तो आधी पुसतो.

दोन फ्लॅश, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, पॉवर मॅन्युअल. दोन फोटोंमध्ये पाच-सहा सेकंद थांब. सेल उतरत आले किंवा फ्लॅश पुरता भरला नाही की उजेड कमी पडतो आणि त्वचा गडद दिसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नको. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला त्वचेच्या जागी १८ टक्के करडं कार्ड धरून एक फोटो घे. कॉम्प्युटरवर त्या करड्याचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे (० ते २५५ च्या मापावर) ११८ च्या आसपास आणि एकमेकांपासून दोन-तीनच्या आत हवेत. एखाद्या दिवशी लाल १२६ आला तर त्या दिवसाचा फोटो घ्यायच्या आधी कारण शोध. बहुतेक वेळा ते भिंतीत सापडतं: आपल्याकडच्या खोल्यांना गुलाबी, पोपटी, आकाशी रंग असतो, फ्लॅश त्या भिंतीवर आपटून गालावर येतो. मागे आणि बाजूंना काळं किंवा करडं कापड लाव. आणखी एक परीक्षा: फ्लॅश बंद करून, बाकी सगळं तसंच ठेवून एक फोटो काढ. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा नाही आला तर खिडकीचा किंवा ट्यूबचा उजेड आत शिरतोय. बेळगावच्या जुलैत सकाळी दहाला अंधारून येतं आणि अकराला लख्ख ऊन पडतं, खिडकीवर विसंबून इथे काम होत नाही.

चेहऱ्यावर आलीस की आणखी एक पेच: मान. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. हनुवटी बोटभर खाली आली तरी नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी उथळ किंवा खोल दिसते, आणि सुरकुत्यांच्या जाहिरातींतली निम्मी जादू तिथेच असते. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना हनुवटी टेकवतात तसा आधार कामाला येतो. तो नसेल तर पहिल्या दिवशीचा फोटो प्रिंट करून कॅमेऱ्याशेजारी टांग आणि व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटींवर डोळे, ओठ जुळव. समोरून एक, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून एकेक. ओठ मिटलेले, हसू नाही. केसांना पट्टा, अंगावर करडा किंवा काळा कपडा, कानातलं-नाकातलं काढलेलं, टिकली आणि काजळ पुसलेलं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला बोलावू नको, हळदीची पिवळी छटा एका धुण्यात जात नाही.

चेहरा धुतल्यावर लगेच फोटो घेतला तर घासल्याची लाली येते. म्हणून धुऊन झाल्यावर २० ते ३० मिनिटं स्थिर तापमानाच्या खोलीत बसवतात; साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता. बसमधून उतरून उन्हातून चालत आलेल्या बाईच्या गालावरची लाली क्रीमच्या खात्यावर लिहायची नसते. त्या दिवशी सकाळी क्रीमही लावायचं नसतं. नुकतं लावलेलं मॉइश्चरायझर कोरड्या पापुद्र्यांतल्या फटी भरतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि फोटोत ‘ग्लो’ येतो. तो तासाभराचा मामला, बारा आठवड्यांचा गुण नव्हे.

आता यातला सगळ्यात रंजक भाग, पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी गाळणी. त्वचेवर पडलेल्या उजेडातला थोडाच, पाचेक टक्के, वरच्या थरावरून थेट परततो, तीच चमक. बाकीचा आत शिरतो, विखुरतो, रक्त आणि मेलॅनिन (त्वचेतलं रंगद्रव्य) यांचा रंग घेऊन बाहेर येतो. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर काटकोनात फिरवलेला फिल्टर लावला की थेट परतलेली चमक अडते आणि आतला रंग तेवढा उरतो. वांग, मुरमांचे डाग, लाली बघायची ती अशी. फिल्टर समांतर फिरवला की उलट होतं: चमक ठळक होते, रेघा आणि छिद्रं उठून दिसतात. दावा सुरकुत्यांचा आणि फोटो काटकोनातले, असं झालं तर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही फोटोंत सुरकुत्या गायब! दोन्ही फ्लॅशवरच्या फिल्म एकाच दिशेने बसल्यात का हे स्टीलच्या वाटीवर तपास. काटकोनात दोन्ही फ्लॅशचे ठिपके विझले पाहिजेत. एक विझला आणि दुसरा चमकतोय म्हणजे दुसऱ्याची फिल्म तिरकी. या जोडीने उजेड सहा ते आठ पट घटतो, तो फ्लॅशची पॉवर वाढवून भरून काढ, आयएसओ वाढवून नको. आणि हॅलोजन दिव्यासमोर फिल्म चिकटवू नको, गरम होऊन मुरडते. अतिनील उजेडाचे फोटो घरी करू नकोस, डोळ्यांना धोका आहे. ते व्हिसियासारख्या, चेहऱ्याचे फोटो काढणाऱ्या बंदिस्त मशीनवरच शिक.

फोटो नीट जुळले तरी काम संपत नाही. समज, एप्रिलमध्ये खानापूरच्या शेतात राबणाऱ्या बायकांना डाग घालवणारं क्रीम दिलं आणि शेवटचा फोटो जुलैत घेतला. पावसाळ्यात ऊन नाही, बाहेर निघाल्या तर डोक्यावर इरलं. त्वचा आपोआप उजळते. क्रीम न लावताही उजळली असती. म्हणून अर्ध्या चेहऱ्याला खरं क्रीम आणि अर्ध्याला औषधी घटकाशिवायचं तेच बेस, कुठली बाजू कुणाला हे चिठ्ठीने ठरवायचं. फोटो सुरुवातीला, मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात. वरची त्वचा नवी व्हायलाच साधारण महिना लागतो, त्यामुळे चार दिवसांत डाग गेल्याचे फोटो कुणी दाखवले तर आधी त्याचा फ्लॅश तपासावा. तपासणाऱ्या दोन-तीन त्वचारोगतज्ज्ञांना फोटो क्रम मोडून देतात, कुठला आधीचा हे सांगत नाहीत. सोबत आकडेही काढतात: इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात डागाचा आणि शेजारच्या साध्या त्वचेचा उजळपणा मोजून फरक धरतात. एकट्या डागाचा आकडा कधीच देऊ नये.

शिकायचं कुठे? एक, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या नियमांचा, छोटा ऑनलाइन कोर्स या सुट्टीतच उरक, काही मोफतही असतात. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत मोठी फी मागणाऱ्या डिप्लोमांपासून लांब राहा. दोन, बेळगावातच जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे. त्वचारोगाचे एम.डी. करणारे विद्यार्थी प्रबंधासाठी फोटो काढतात आणि बहुतेकांचे फोटो जुळत नाहीत. कॉलेजच्या मार्फत, एथिक्स कमिटीच्या मंजुरीत तुझं नाव घालून मदतीला जा. मंजुरीशिवाय एकही रुग्ण नको, आणि तो चेहरा तुझ्या फोनमध्ये तर मुळीच नको. फाइलला नाव न देता क्रमांक द्यायचा. संमतीपत्र ज्याला जे वाचता येतं त्या भाषेत लागतं. इथे एकाच बाकावर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बायका बसलेल्या असतात. दोघींना त्यांच्या भाषेत ‘फोटो कुठे वापरणार, कधीही नाही म्हणू शकता’ हे समजावता येणं ही तुझी जमेची बाजू, बायोडेटात वरच्या ओळीत लिही.

बी.फार्म.नंतर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म. केलंस तर चाचणीची आखणी तुझ्या हाती येऊ शकते. न करताही सुरुवात होते, फक्त सुरुवातीची एक-दोन वर्षं फोटोंपेक्षा कागद जास्त भरावे लागतील. नोकऱ्या मुख्यतः बेंगळुरू, मुंबई, अहमदाबादला. बेळगावात राहूनच हे करायचं असेल तर सध्या वाव थोडा आहे, हे घरी आधीच मोकळेपणाने बोल. पप्पांना दुसरंही सांग: फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचा हक्क पदवीसोबत राहतोच, औषधाच्या दुकानाची वाट बंद होत नाही.

मुलाखतीला लग्नाचा अल्बम नेऊ नको. तुझ्या हाताचे ते चौदा फोटो एका कागदावर, प्रत्येकाखाली तारीख आणि करड्या कार्डाचे तीन आकडे, आणि जे दोन-तीन दिवस चुकले त्यांच्याखाली चूक कशाने झाली ती एक ओळ. चुकलेले दिवस काढून टाकू नकोस.