तीनशे किलोंची गाडी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या गाडीविषयी आहेत: लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, मोठ्या इंजिनाची आणि वजनाला साधारण २७० ते ३३० किलो भरणारी स्पोर्ट टूरर. यामाहा एफजेआर १३००, होंडा एसटी १३००, कावासाकी जीटीआर १४०० आणि बीएमडब्ल्यूच्या आरटी मालिकेतील मोटारसायकली ही त्यातली परिचित नावे. प्रश्न वेगवेगळे असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत दिसते, ती म्हणजे अशी गाडी अंगातल्या बळावर चालवावी लागते. ही समजूत दूर व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यामुळे चालक नको तिथे जोर लावतात आणि जिथे आधी विचार करायला हवा, तिथे तो करायचा राहून जातो.

प्रश्न: अनेक वर्षे दीडशे किलोंची गाडी चालवल्यानंतर मी आता सुमारे २९० किलोंची स्पोर्ट टूरर घेतली आहे. महामार्गावर ती अतिशय स्थिर वाटते. परंतु गाडी लावताना आणि यू-टर्न घेताना ती माझ्या हातून आडवी झाली आहे. माझी ताकद कमी पडते आहे का?

उत्तर: नाही. तुमची गाडी महामार्गावर स्थिर वाटते, कारण वेगात चाकांचे फिरणे आणि पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांची, म्हणजे फोर्कची, तिरकी मांडणी हे दोन्ही मिळून तिचा तोल सावरत असतात. वेग माणसाच्या चालीइतका उतरला, की ही मदत जवळजवळ संपते आणि तोलाची सगळी जबाबदारी चालकावर येते.

उभ्या गाडीचा एक ढोबळ हिशोब पाहा. गाडी ३०० किलोंची असेल, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ५५ सेंटीमीटर उंच असेल आणि हँडल एक मीटर उंचीवर असेल, तर ती पाच अंश कलली असताना हँडलपाशी सुमारे पंधरा किलोंचा जोर लावून तिला तोलून धरता येते. वीस अंश कलल्यावर त्याच कामाला पंचावन्न किलोंहून अधिक जोर लागतो. म्हणजे सरळ उभी असलेली गाडी जवळपास कोणालाही धरता येते आणि बरीच कललेली गाडी भल्याभल्यांना आवरत नाही. म्हणून गाडी कलू न देणे हेच खरे काम आहे, आणि ते कलण्याच्या आधीच करायचे असते.

मंद वेगात गाडी आडवी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे. वळणात कललेली गाडी तिच्या गतीमुळेच तोललेली असते. पुढचे चाक एकदम थांबले, की ती गती नाहीशी होते आणि सगळे वजन आतल्या पायावर येते. त्यामुळे चालण्याच्या वेगात पुढच्या ब्रेकवरून बोटे काढून ठेवावीत. थ्रॉटल किंचित उघडा आणि एकसारखा ठेवावा, वेग अर्ध्या क्लचने कमी-अधिक करावा आणि मागचा ब्रेक हलकेच लावून ठेवावा. इंजिन पुढे ओढते आहे आणि मागचा ब्रेक तिला धरून ठेवतो आहे, अशा स्थितीत गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. एसटी १३०० सारख्या जोडब्रेकच्या गाड्यांत पायाच्या ब्रेकने पुढचे चाकही थोडे धरले जाते, म्हणून तिथे पाय अधिकच हलका हवा. तेलात बुडालेल्या क्लचला असे घासणे सहज सोसते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर, म्हणजे दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या, गाड्यांमध्ये मात्र कोरडा क्लच असतो आणि तो लवकर तापतो, त्यामुळे त्यांवरचा सराव मधूनमधून थांबवत करावा.

अरुंद यू-टर्नमध्ये गाडी आत कलू द्यावी आणि आपले शरीर बाहेरच्या बाजूला ठेवावे. मान वळवून, जिथे बाहेर पडायचे आहे तिथे पाहावे. पुढच्या चाकाकडे पाहिले, की हात आपोआप ताठ होतात आणि वळण मोठे होत जाते. हा सराव मोकळ्या, सपाट आणि कोरड्या जागी, पेट्या काढून आणि टाकी पूर्ण न भरता करावा. एफजेआरच्या टाकीत २५ लिटर पेट्रोल मावते, म्हणजे अठरा-एकोणीस किलो वजन बरेच वरच्या बाजूला असते आणि मंद वळणात ते स्पष्ट जाणवते.

गाडी लावण्याविषयी माझा आग्रह असा, की थांबण्यापूर्वीच निघण्याचा विचार करावा. उताराकडे तोंड करून भिंतीसमोर लावलेली तीनशे किलोंची गाडी एकट्याने मागे ओढता येत नाही. मागचे चाक उताराच्या खालच्या बाजूला ठेवावे, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि साइड स्टँडखालची जमीन टणक आहे याची खात्री करावी. कडक उन्हात मऊ झालेल्या डांबरात स्टँड रुततो, तेव्हा त्याखाली एखादी सपाट पट्टी ठेवावी.

प्रश्न: जड गाडी वळणावर हलक्या गाडीपेक्षा जास्त कलवावी लागते का? घाटातील वळणांवर माझी गाडी नेहमी बाहेर जाते, आणि मग मी घाबरून थ्रॉटल बंद करतो.

उत्तर: कलण्याचा कोन ठरतो तो वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर, गणितात गाडीचे वजन दोन्ही बाजूंनी येते आणि कटून जाते. चाळीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ३५ अंशांचा कोन लागतो, मग गाडी दीडशे किलोंची असो वा तीनशे. तेच वळण ताशी ७० ने घेतले, तर कोन ४४ अंशांच्या जवळ जातो, आणि इतक्या कोनात अनेक स्पोर्ट टूररचे फुटरेस्ट रस्त्याला घासू लागतात. रुंद टायरमुळे प्रत्यक्षात काही अंश अधिक कलावे लागते, हे खरे. परंतु वेग दहाने वाढवण्याचा परिणाम त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

वजन आणि लांबी यांचा खरा फरक पडतो तो गाडी कलवायला लागणाऱ्या वेळेत. या गाड्यांच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर दीड मीटरच्या आसपास असते आणि त्या रेसिंगच्या धाटणीच्या गाड्यांइतक्या चपळाईने दिशा बदलत नाहीत. तुमची गाडी बाहेर जाते, याचे कारण बहुधा तिला कलण्याचा स्पष्ट आदेशच मिळत नाही. उजवीकडे वळायचे असेल तर उजवी मूठ पुढे ढकलावी, डावीकडे वळायचे असेल तर डावी. क्षणभर पुढचे चाक उलट दिशेला जाते, गाडी त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे आपल्याला हव्या त्या बाजूला कलते आणि वळते. सायकलची ही उलटी चाल विमानाचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विल्बर राइट यांनीही टिपली होती. ते मुळात सायकली बनवणारे होते. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर प्रत्येक दुचाकी अशीच वळते. हलक्या गाडीवर हे नकळत घडून जाते, जड गाडीवर ते जाणीवपूर्वक आणि थोडे आधी करावे लागते. सरळ रस्त्यावर एका मुठीला हलकेच ढकलून गाडी कशी प्रतिसाद देते ते पाहिले, की एका दिवसात तुमचा विश्वास बसेल.

वळणात एकदम थ्रॉटल बंद करण्याची सवय मात्र तातडीने सोडा. त्यामुळे वजन पुढे जाते, पुढचा सस्पेन्शन दबतो आणि जमिनीपासूनचे अंतर नेमके गरजेच्या वेळी कमी होते. जुन्या शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे मागचे चाक साखळीऐवजी फिरत्या दांड्याने चालवणाऱ्या, गाड्यांमध्ये थ्रॉटल सोडताच मागची बाजूही खाली बसते. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आणलेल्या पॅरालिव्हरसारख्या मागच्या चाकाच्या जोडणीच्या रचनांनी हा दोष बराच कमी केला, पण सवय सगळ्याच गाड्यांवर घातक आहे. ब्रेक आणि गिअर यांचे काम वळण सुरू होण्यापूर्वी संपवा, प्रवेशाचा वेग तुम्हाला अगदी कमी वाटेल इतका ठेवा आणि नंतर थ्रॉटल किंचित उघडा ठेवून वळणाच्या शेवटाकडे पाहत राहा. घाबरल्यावर नजर कठड्याकडे जाते, आणि नजर जाते तिकडे गाडी जाते.

प्रश्न: वजन दुप्पट, तर थांबायला अंतरही दुप्पट लागते, असे मित्र सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर: खरे नाही. वजन वाढले की टायरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ५० वरून साधारण १२ मीटर लागत असतील, तर ताशी १०० वरून ४८ लागतात, आणि प्रतिक्रियेच्या एका सेकंदात त्याआधीच २८ मीटर निघून गेलेले असतात. वजनाचा परिणाम दिसतो तो ब्रेकच्या तापण्यात. लांब उतारावर खालचा गिअर घालून इंजिनला गाडी धरू द्यावी आणि ब्रेकचे तेल सामान्यतः दर दोन वर्षांनी बदलावे, कारण जुन्या तेलात ओलावा शिरतो आणि ते कमी तापमानाला उकळते. पुढचा ब्रेक एकदम न आवळता आधी हलका आणि मग वाढत्या जोराने दाबावा. एबीएस असले, तरी हा क्रम पाळावा.

प्रश्न: मागे जोडीदार, दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि टॉप बॉक्स अशा तयारीने निघालो, की हँडल हलके लागते आणि ताशी १०० च्या पुढे गाडी सावकाश डुलू लागते. टायर बदलावेत का?

उत्तर: टायर बदलण्यापूर्वी भार कुठे ठेवला आहे ते पाहा. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असतो, म्हणून त्यातले वजन मागचे चाक दाबते आणि पुढचे उचलते. जड वस्तू बाजूच्या पेट्यांत तळाशी आणि जोडीदाराकडच्या भागात, दोन्हीकडे सारख्या वजनाने ठेवाव्यात. टॉप बॉक्समध्ये फक्त कपडे आणि हलके सामान असावे. प्रत्येक पेटीची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कमी असते.

त्यानंतर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवावा. अनेक स्पोर्ट टूररना त्यासाठी हाताने फिरवायची गुंडी किंवा खटका असतो, आणि खेदाची गोष्ट ही, की कित्येक मालक त्याला कधी हातच लावत नाहीत. मागची बाजू बसलेली असेल, तर फोर्कचा कोन बदलतो, वळण आळसावते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरची हवा गाडी थंड असताना, पूर्ण भारासाठी सांगितलेल्या आकड्यानुसार भरावी. या वर्गातील अनेक गाड्यांसाठी तो ३६ ते ४२ पीएसआयच्या दरम्यान असतो. हे सगळे केल्यावरही डुलणे राहिले, तर टायरची झीज, चाकांचे आणि फोर्कच्या मानेचे बेअरिंग तपासून घ्यावे.

प्रवासात डुलणे सुरू झालेच, तर हँडल घट्ट धरू नये आणि एकदम ब्रेकही लावू नये. मुठी सैल ठेवाव्यात, गुडघ्यांनी टाकी धरावी आणि थ्रॉटल सावकाश कमी करत वेग उतरू द्यावा. जोडीदाराला एवढेच सांगावे, की गाडीवर चढण्या-उतरण्यापूर्वी तुमच्या होकाराची वाट पाहावी आणि वळणात तुमच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहावे.

प्रश्न: माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. अशी गाडी मी चालवू शकते का, आणि ती पडली तर एकटीने उचलता येईल का?

उत्तर: दोन्ही गोष्टी शक्य आहेत. दोन पायांची बोटे टेकवण्यापेक्षा एक पाय पूर्ण टेकणे अधिक सुरक्षित असते. थांबताना सीटवर किंचित एका बाजूला सरकावे, तो पाय जमिनीवर आणि दुसरा मागच्या ब्रेकवर किंवा फुटरेस्टवर ठेवावा, आणि रस्त्याचा उंच भाग कोणत्या बाजूला आहे हे थांबण्याआधी पाहून ठेवावे. अनेक गाड्यांची सीट दोन उंचींवर बसवता येते. सस्पेन्शन खाली करण्यापूर्वी तो उपाय करून पाहा, कारण सस्पेन्शन उतरवले की वळणात कलण्याची मुभा कमी होते.

गाडी पडली, तर आधी इंजिन बंद करावे आणि स्वतःला इजा झालेली नाही हे पाहावे. गाडी उजवीकडे पडली असेल, तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड उघडून ठेवावा, म्हणजे ती दुसऱ्या बाजूला कलंडणार नाही. गिअर घातलेला असावा. सीटच्या कडेला पाठ टेकवून बसल्यासारखे व्हावे, एका हाताने जमिनीकडच्या बाजूची हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकडपट्टी किंवा चौकटीचा भक्कम भाग धरावा; पेटी धरू नये, ती निखळते. पाठ ताठ ठेवून, पायांनी जमीन रेटत, छोट्या पावलांनी मागे चालत जावे. वर दिलेल्या हिशोबानुसार पहिले काही अंश सर्वांत कठीण असतात आणि पुढे भार झपाट्याने उतरतो. जमीन निसरडी असेल, तर मात्र मदतीची वाट पाहावी. गाडी उभी झाल्यावर पेट्रोल किंवा तेल सांडले आहे का, लिव्हर वाकले आहेत का आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरते का हे तपासून, काही मिनिटे थांबूनच इंजिन सुरू करावे.