चौघांच्या ब्रास ग्रुपसाठी द्वोर्झाकचं लार्गो

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही चौघं मित्र, दोन ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम, सगळी पितळी वाद्यं. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या न्यू वर्ल्ड सिंफनीतलं लार्गो, म्हणजे त्यातला संथ भाग, बसवतोय. पियानोच्या पुस्तकातून सूर जसेच्या तसे वाटून घेतले, पण खालचं सगळं गढूळ ऐकू येतं आणि अर्ध्यावरच पहिल्या ट्रंपेटवाल्याचे ओठ थकतात. काय बदलू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: नमस्कार, आधी सांगतो, धून फार छान निवडलीत. सुरुवात गाऊन बघा, ग प प, ग रे सा, रे ग प ग रे, सगळे भूपाचे सूर, निषाद नंतर येतो, त्यामुळे आपल्या कानाला ती पटकन आपली वाटते.

आता गढूळपणा. पियानोचा डावा हात खाली तीन-तीन सूर चिकटून दाबतो आणि ते तिथे खपतं, ब्रासवर नाही खपत. ट्रॉम्बोन आणि युफोनियम खाली असले की दोघांमध्ये निदान सा-प एवढं अंतर ठेवा, अख्खं सप्तक असेल तर अजून छान, आणि कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा, गंधार वर दुसऱ्या ट्रंपेटला द्या, तोही एकदाच. माणसं कमी पडली तर पंचम सोडा पण गंधार सोडू नका, कॉर्ड मेजर की मायनर हे तोच सांगतो.

ओठांचं म्हणाल तर १८९३ च्या मूळ रचनेत ही धून कोर आंग्लेला, म्हणजे ओबोच्या जातीतल्या खालच्या सुराच्या फुंकवाद्याला, आहे आणि खाली स्ट्रिंग्ज लांबलचक सूर धरून ठेवतात. तुमच्यात प्रत्येक पार्टला एकच माणूस, त्याने श्वास कधी घ्यायचा? म्हणून धून फिरवा. पहिल्यांदा ट्रंपेट, मग युफोनियम, आणि तेव्हा ट्रंपेटने नुसती साथ नाही करायची, खरोखर वाद्य खाली ठेवून गप्प बसायचं, ही शांतता मला मांडणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

पट्टी मूळचीच ठेवा, डी फ्लॅट मेजर. बी फ्लॅट ट्रंपेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो, म्हणून त्याला ती ई फ्लॅटमध्ये लिहायची, तीनच फ्लॅट म्हणजे कोमल सुरांच्या खुणा, बोटांना काही जड नाही. युफोनियमवाला बेस क्लेफ (खालच्या सुरांची स्वरलिपी) वाचतो की ट्रेबल (वरच्या सुरांची) ते आधी विचारा, ट्रेबल असेल तर ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा एक सप्तक आणि वर एक स्वर असं चढवून लिहावं लागतं आणि तालमीतला अर्धा वेळ इथेच जातो.

हॉलमध्ये टाइल्स असतील तर आवाज अंगावर येतो, तिथे दुसऱ्या ट्रंपेटला कप म्यूट, म्हणजे आवाज दबवणारं वाटीसारखं झाकण, लावून बघा.

आणि पियानोचं पुस्तक बाजूलाच ठेवा. द्वोर्झाक १९०४ मध्ये गेले, मूळ रचना आता सगळ्यांना मोकळी आहे, पण पुस्तकातली मांडणी अलीकडच्या कुणाची असली तर तिच्यावर त्यांचा हक्क असतो. मूळ स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, घेऊन बसा, शेवटचा कॉर्ड बघा, तो फक्त डबल बेसवर आहे, चार भागांत, खूप खोल. तेवढं खाली जायच्या नादाला लागू नका, एक सप्तक वर घ्या आणि शक्य तितकं हळू वाजवा.