शिक्का तर आधीच बसला होता

"मॅडम, टेस्ट केली तर मुलावर जन्मभराचा शिक्का नाही ना बसणार?" पहिल्या भेटीत आईबाप हे विचारतात, बहुतेकदा उठता उठता, दाराशी. मी मुलांच्या वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणी तपासते. त्यांना उत्तर देताना मला नागपुरातल्या मानेवाड्याहून आलेलं एक कुटुंब आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पोळा होऊन आठवडा झाला होता. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी शाळेत. तक्रारी रोजच्याच होत्या: वही अपुरी, वर्गात मस्ती, शेजारच्याला चिमटे. दर सोमवारी सकाळी पोट दुखायचं, पण सोनोग्राफीत काही निघालं नव्हतं. वडिलांचं इतवारीत दुकान. ते म्हणाले, "मोबाईल चालवाले बरोबर समजते याले. पुस्तक काढलं का झोप. मुद्दाम करून राहिला, दुसरं काही नाही."

मी मुलाला तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचं, विचारलं. तो एकदम खुलला. लाकडी बैलाला मण्यांची झूल त्याने स्वतः ओवली होती. बोजारा, म्हणजे बैल घरोघरी नेल्यावर मिळणारे पैसे, किती मिळाला? "तीनशे चाळीस. शंभर बहिणीले दिले. साठची चाकं आणली बैलाले. एकशे ऐंशी उरले." बोटं न मोजता, एका दमात. हाच मुलगा शाळेत गणितात नापास होता. उरलेली रक्कम कागदावर लिहायला सांगितली, तर त्याने 108 लिहिले.

मग मराठीचं पुस्तक पुढे केलं. तो म्हणाला, बाथरूमला जायचं आहे. परत आला, पुन्हा तेच.

तिथेच मी आईला विचारलं, याला वर्गाबाहेर कोणत्या तासाला काढतात? ती आठवत गेली. इंग्रजीच्या, मराठीच्या. चित्रकलेला? खेळाला? "नाही, त्या तासाला कधीच तक्रार नाही आली." वाचायची पाळी जवळ आली की हा शेजाऱ्याला चिमटा काढायचा. बाहेर उभं राहण्याची शिक्षा मिळायची, पण चाळीस मुलांसमोर वाचावं लागत नव्हतं. त्याच्या दृष्टीने सौदा स्वस्त होता.

शाळेने 'हायपर आहे' असं सांगितलं होतं. त्यांचा रोख एडीएचडीकडे, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणीकडे होता. एडीएचडीमध्ये लक्ष उडणं, हालचाल न थांबणं घरी, शाळेत, खेळात, एकाहून जास्त ठिकाणी दिसतं. या मुलाने तासभर बसून मणी ओवले होते. काही मुलांमध्ये दोन्ही अडचणी एकत्र असतात, म्हणून अंदाजावर न थांबता नीट तपासलं. आधी डोळे आणि कान. मग बुद्ध्यांक चाचणी, ती उत्तम आली. मग वाचन, लेखन, गणित. वाचन मी दोन्ही भाषांत तपासते. अडचण फक्त इंग्रजीतच असेल, तर घरी ती भाषा कानावर पडत नाही एवढंच कारण असू शकतं. इथे मराठीतही 'कमल' सरळ वाचलं जायचं आणि 'विहीर' ला गाडी अडायची. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, पण पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. 'र' तर कुठे पायाशी, कुठे डोक्यावर: प्रकाश, सूर्य. अक्षर आणि आवाज यांची सांगड ज्या मेंदूत सहज बसत नाही, त्याला प्रत्येक ओळ नव्याने फोडावी लागते. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. लहानपणी बरीच मुलं काही अक्षरं उलटी काढतात, म्हणून साधारण आठ वर्षांआधी पक्कं निदान करत नाहीत.

रिपोर्ट ऐकून आई रडली. वडिलांनी शिक्क्याचं विचारलं ते तेव्हा. मी त्यांना वह्यांवरचे लाल शेरे दाखवले. 'केअरलेस.' 'लेझी.' घरी 'ढ', गल्लीत 'मस्तीखोर'. शिक्के बसलेच होते, आणि त्यातल्या एकावरही इलाज नव्हता. डिस्लेक्सियावर गोळी नाही, पण शिकवण्याची पद्धत आहे. रोज वीस मिनिटं, एका वेळी एकच स्वरचिन्ह (काना, वेलांटी असं), रव्यात बोटाने गिरवत, तोंडाने आवाज काढत. दहा वेळा लिहून काढणं बंद. इतिहास-परिसर आईने वाचून दाखवायचं, त्याने तोंडी सांगायचं.

कागदाचं सांगायचं तर, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांपैकी एक आहे. बोर्डाच्या परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी माझा रिपोर्ट चालत नाही, ठरवून दिलेल्या शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीच्या जानेवारीत धावत येऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. या वडिलांचं मन प्रमाणपत्राला अजून तयार नाही. मी घाई केली नाही, कारण रोजची वीस मिनिटं त्यांनी एक दिवसही चुकवली नाहीत. मुलगा अजून सावकाशच वाचतो. सोमवारचं पोट मात्र दिवाळीनंतर दुखलं नाही.

त्या रिपोर्टच्या दिवशी मी मुलाला आत बोलावलं होतं. निदान मुलापासून लपवू नये असं माझं ठाम मत आहे, काहीतरी बिनसलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. मी म्हटलं, तुझं डोकं हिशेबाला, हातकामाला तेज आहे, अक्षरांचा रस्ता त्याला वेगळा लागतो, तो आपण शिकू. त्याने रिपोर्टची पानं मोजली. मग विचारलं, "हे टीचरले कोण सांगन?"

वडील बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "उद्या दुकान उशिरा उघडतो. मी येतो तुझ्यासंग."