‘अ नाइट्स टेल’ हा चित्रपट पाहावा का? मध्ययुगात रॉक गाणी वाजतात म्हणून लोक हसतात, ते बरोबर आहे का?

पाहा. बाकीचं उत्तर आता सावकाश देतो.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘चौदाव्या शतकातल्या भाल्यांच्या सामन्यात क्वीन या रॉक बँडचं गाणं वाजतं, काहीतरीच आहे’ असं म्हणून मित्रांनी तुमचा बेत मोडला. या ‘काहीतरीच’वरून माझं एका माणसाशी वीस वर्षांहून जास्त भांडण चालू आहे. तेव्हा आधी एका घड्याळाची गोष्ट ऐकावी लागेल.

मी आमच्या कारखान्याच्या नाटक ग्रुपात कपडेपट सांभाळायचो. २००२ च्या हिवाळ्यात स्पर्धेसाठी राजा-प्रधानाचं एक नाटक बसवलं होतं. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक, शतकाचा पत्ता नाही. दिग्दर्शक होते अण्णा. (नाव नको. हयात आहेत आणि माझं सगळं लिखाण वाचतात.) प्रधानाचं काम मशीन शॉपमधल्या एका टर्नरकडे. प्रयोगाच्या दिवशी त्याला लवकर सोडलं नाही, त्यामुळे पहिल्या अंकाला वीस मिनिटं उरलेली असताना हा धापा टाकत मेकअप रूममध्ये आला. हाताला कूलंटचा वास तसाच. मी अंगरख्याचे बंद बांधले, पगडी सैल होत होती म्हणून आत पेपरची घडी कोंबली, आणि तेवढ्यात त्याच्या डाव्या मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ मला दिसलं. तो म्हणाला, ‘वर सरकवलंय, बाहीत दिसत नाही.’ मी म्हटलं, बरं. चूक माझी होती हे आधीच कबूल करतो, म्हणजे अण्णांना खाली कॉमेंट करायला नको.

दुसऱ्या अंकात प्रधान राजाला मारायचा कट रचतो आणि त्याच्यासमोर येऊन निष्ठेची खोटी शपथ घेतो. दोन्ही हात वर. बाह्या घसरल्या कोपरापर्यंत आणि स्टीलचा पट्टा स्पॉटमध्ये असा चमकला की शेवटच्या रांगेलाही दिसावा. बाल्कनीतून आवाज आला, ‘प्रधानजी, किती वाजले?’

आमच्या टर्नरनं हात खाली घेतला नाही. शांतपणे घड्याळात बघितलं, मग राजाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘महाराज, तुमची वेळ भरत आलीय.’

मिनिटभर शिट्ट्या थांबल्या नाहीत. त्या नाटकातलं एवढं एकच वाक्य आज लोकांना आठवतं, आणि ते लेखकानं लिहिलेलं नाही.

परीक्षकांनी शेरा मारला, ‘वेशभूषेत अक्षम्य दुर्लक्ष.’ अण्णा विंगेत डोकं धरून बसले होते ते दोन दिवस तसेच. पुढं गणपतीत कॉलनीत प्रयोग ठरला तेव्हा मी म्हटलं, अण्णा, घड्याळ ठेवू या. उलट दरबारात मागं भिंतीवर एक मोठं लंबकाचं घड्याळच लावू. अण्णा म्हणाले, ‘हा काय तमाशा आहे?’ मी म्हटलं, असता तर पहिला नंबर आला असता. आठ महिने आमचं बोलणं बंद.

आणि कोण बोलतंय हे! याच अण्णांनी पडद्यामागं कॅसिओवर सतारीचा आवाज लावून दरबाराचं संगीत केलं होतं. मशाल म्हणजे बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद. राजाच्या अंगावर नायलॉनचं मखमल. ते सगळं चाललं, कारण प्रेक्षकांना त्याची सवय आहे. घड्याळाची सवय नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. वगात राजा रेशनच्या रांगेबद्दल बोलतो तेव्हा कुणी सनावळ्या काढत नाही. संगीत नाटकात कृष्ण-सुभद्रा ऑर्गनच्या साथीवर पदं म्हणायचे, आणि ऑर्गन काय द्वारकेत बनत होता? आपल्या आजोबांनी त्याला वन्समोअर दिलेत.

आता चित्रपट. मी तो २००३ मध्ये लायब्ररीतून व्हीसीडी आणून पाहिला, दोन डिस्कवाली. पहिल्याच सामन्यात लोक लाकडी कठड्यावर हात आपटायला लागतात, धाड धाड टाळी, धाड धाड टाळी, आणि ते क्वीनचं १९७७ चं गाणं आहे. मागं वाजणारं पार्श्वसंगीत म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही, कारण चित्रपटातली माणसंच त्या ठेक्यावर हात आपटतायत. क्रिकेटच्या मैदानात उठते तशी लाटही उठते. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ह्यांनी घड्याळ दाखवलं! तिला काही कळलं नाही.

ब्रायन हेल्गलंड नावाच्या माणसानं लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा २००१ चा चित्रपट. गवतानं घरं शाकारणाऱ्याचा पोरगा विल्यम (हीथ लेजर) आपला सरदार ऐन सामन्यात मेला म्हणून त्याचं चिलखत चढवून मैदानात उतरतो आणि मग खोट्या कुळाच्या नावावर सामने मारत सुटतो. गोष्ट अंदाज येण्यासारखी आहे, त्यात नवीन काही शोधू नका. खेळाचे नियमही दोन मिनिटांत कळतात: कमरेपासून मानेपर्यंत भाला मोडला की एक गुण, शिरस्त्राणावर मोडला की दोन, समोरचा घोड्यावरून पडला की तीन आणि वर त्याचा घोडा तुमचा.

मजा आहे ती चॉसरमध्ये. पॉल बेटनीचा जेफ्री चॉसर पहिल्यांदा दिसतो तो जुगारात सगळं हरून रस्त्यानं नागडा चालताना. इंग्रजी कवितेचा आद्यपुरुष! पुढं तो विल्यमचा ललकारी देणारा होतो आणि कुस्तीच्या फडावरचा निवेदक जसा पैलवानाच्या आज्या-पणज्यापासून सुरुवात करून पब्लिकला पेटवतो, अगदी तसा मैदानात हिंडत विल्यमच्या खोट्या पराक्रमांचे पोवाडे गातो.

‘इतिहासाची चेष्टा’ म्हणणाऱ्या मित्रांना एक विचारा. खऱ्या चॉसरची ‘द नाइट्स टेल’ वाचली का? प्रसंग प्राचीन अथेन्सचा, थीसियस राजा, मार्स आणि व्हीनसची देवळं. आणि त्यात काय आहे? थीसियसला चॉसर ‘ड्यूक’ म्हणतो आणि दोन प्रेमवीर शंभर शंभर नाइट (चिलखती सरदार) घेऊन टूर्नामेंट खेळतात! ग्रीकांच्या अंगावर चौदाव्या शतकातली चिलखतं. म्हणजे चॉसरनंच आधी घड्याळ घातलं होतं. हेल्गलंडनं त्याच्याशी इमान राखलं असं मी म्हणतो.

ज्या गोष्टी लोकांना ‘आधुनिक थिल्लरपणा’ वाटतात त्यातल्या काही तर जुन्याच आहेत. नायिका नायकाला सांगते, माझ्यावर प्रेम असेल तर सामना हर. बारा महिने तेरा काळ चालणारा फिल्मी मसाला, नाही का? तर हा प्रसंग बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या, लान्सलॉट नावाच्या नाइटवरच्या काव्यात आहे. राणी ग्विनिव्हिअर त्याला मुद्दाम वाईट खेळायला लावते आणि तो खेळतो. विल्यम जे नाव चोरतो, उलरिश फोन लिश्टेनश्टाइन, तोही तेराव्या शतकातला खराखुरा सरदार-कवी. १२२७ मध्ये हा बाबा व्हीनस देवीचा बायकी वेश करून व्हेनिसहून व्हिएन्नाच्या बाजूला भाल्याचे सामने खेळत गेला आणि वाटेत ३०७ भाले मोडले, असं स्वतःच लिहून ठेवलंय. साडी नेसून कुस्ती मारल्यासारखंच झालं. हे हेल्गलंडनं दाखवलं असतं तर तुमच्या मित्रांनी त्यालाही ‘काहीतरीच’ म्हटलं असतं.

आणि उलटंही आहे. ज्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही तिथं खऱ्या चुका आहेत. दोन घोड्यांच्या मधे तो लांब कठडा दिसतो ना? तो पंधराव्या शतकातला. चित्रपटात इंग्लंडचा युवराज ‘ब्लॅक प्रिन्स’ एडवर्ड आहे आणि तो मेला १३७६ मध्ये. अंगभर पत्र्याची तशी चिलखतंही नंतरचीच. यावर एकाही मित्राची तक्रार नसेल, पैज. माणसं कानाला खटकलं की इतिहासकार होतात. चौदाव्या शतकात ऑर्केस्ट्रासुद्धा नव्हता, हे हेल्गलंडचंच म्हणणं. पन्नास व्हायोलिनं चालतात तर गिटार का नको?

कपडेपटवाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाले फुटतात तेव्हा हवेत जो चुरा उडतो तो कसा केला असेल यावर मी बराच विचार केला होता. नंतर कळलं, टोकं हलक्या बाल्सा लाकडाची, आतून पोकळ, आणि त्यात बाल्साचे तुकडे आणि कच्ची लिंग्विनी भरलेली. लिंग्विनी म्हणजे इटालियन चपट्या शेवया हो! एवढा खर्चिक चित्रपट आणि वाण्याकडचा माल. पगडीत पेपर कोंबणाऱ्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल. केट नावाची लोहारीण (लॉरा फ्रेझर) नायकाचं हलकं चिलखत घडवते आणि त्यावर स्वतःची खूण ठोकते, ती बघा. एका बुटाच्या कंपनीची आठवण येते की नाही सांगा.

तर ती व्हीसीडी घेऊन मी अण्णांना घरी बोलावलं. तोवर बोलणं सुरू झालं होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नामुळं. पहिल्या गाण्याला अण्णा म्हणाले, ‘हे तुझं घड्याळ का?’ मी म्हटलं, पुढं बघा. मग मेजवानीतला नाच आला. विल्यमला नाचता येत नाही, खोट्या गावचा खोटा नाच त्याला करून दाखवायचाय. जुन्या वळणाच्या संगीतावर हळूहळू पावलं पडतायत, पावलं बदलतात, ठेका जरा मोकळा होतो, आणि कधी रॉक गायक डेव्हिड बोवीचं ‘गोल्डन इयर्स’ सुरू झालं ते समजतच नाही. अण्णा पुढं झुकले. रिमोट माझ्या हातातून घेतला, मागं नेलं, परत बघितलं. परत मागं नेलं. ‘सांधा कुठाय रे?’ म्हणाले. अण्णा पेटी बरी वाजवतात, त्यांना सांधा सापडला नाही याचा मला झालेला आनंद इथं लिहीत नाही.

डिस्क बदलायला मी उठलो तेव्हा म्हणाले, ‘त्यांनी मुद्दाम केलंय. आपलं चुकून झालं होतं. हा फरक आहे.’

फरक आहे, मान्य. पण चूक झाल्यावर हात खाली घेऊन बाही ओढली असती तर ती चूक राहिली असती. आमच्या टर्नरनं घड्याळात बघितलं! तिथून पुढं ते मुद्दामच झालं. हे मी अण्णांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगतोय, आणि कॉलनीतल्या प्रयोगात लंबकाचं घड्याळ हवंच होतं.

समीक्षकांच्या मतांचं म्हणाल तर: त्या वेळच्या जाहिरातींतल्या कौतुकावर जाऊ नका. चित्रपट काढणाऱ्या सोनी कंपनीच्या लोकांनी डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक चक्क कल्पनेतून बनवला होता आणि त्याच्या तोंडी हीथ लेजरची वाहवा छापली होती. २००१ मध्येच ते उघड झालं. पुढं २००५ मध्ये झालेल्या तडजोडीत, हा आणि आणखी काही चित्रपट पाहून पस्तावलेल्यांना पाच-पाच डॉलर परत द्यायचं ठरलं. खोट्या कुळाच्या सरदाराच्या चित्रपटाला खोटा समीक्षक, जमून आलं. खरे समीक्षक मात्र वाटले गेले होते, काहींना पोरकट वाटला आणि काही हसत बाहेर आले.

थोडं नावडलेलंही सांगायचं राहिलं. चित्रपट सव्वादोन तासांचा आहे आणि मधली पंधरा मिनिटं सहज कापता आली असती. खलनायकाला (रूफस स्यूएल) डोळे वटारण्यापलीकडं काम नाही. नायिकेच्या टोप्या आणि केशरचना मात्र मला कळल्या नाहीत, तिथं मीही अण्णांच्या बाजूचा आहे. आणि मी काही सगळ्या ऐतिहासिक चित्रपटांना मोकळीक द्या म्हणत नाही. ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून सुरुवात करायची आणि मग वाट्टेल ते घुसडायचं, त्याला माझा विरोधच आहे. इथं पहिल्या पाच मिनिटांत कठडा बडवून सांगितलंय की हे काय प्रकरण आहे. नको असेल त्यानं तिथंच उठावं.

हेडफोन लावून मोबाइलवर बघू नका. चार माणसं जमवा, त्या मित्रांनाही बोलवा, आवाज मोठा ठेवा. आणि शेवटी नावं सुरू झाली की उठू नका. नावं संपल्यावर एक छोटा प्रसंग आहे: दारूचे पैसे कोणी द्यायचे हे ठरवायला विल्यमची सगळी टोळी पादण्याची स्पर्धा लावते. अण्णा तोवर चपला घालून बाहेर पडले होते, बरंच झालं.