टायटॅनियमची टॉर्च परवडेल का?

प्रश्न : लेथवर एकेक घडवलेली टायटॅनियमची टॉर्च ॲल्युमिनियमच्या टॉर्चपेक्षा कितीतरी महाग. ती तेवढी टिकते का? – एक वाचक, मालवण

उत्तर : खाऱ्या हवेत तर नक्कीच. माझ्या टॉर्चवर चरे भरपूर आहेत, गंज मात्र नाही. चऱ्याखालीही तोच राखाडी धातू, त्यामुळे ती जुनी होत जाते तशी मला जास्तच आवडते. अशा टॉर्चसाठी वापरतात त्या ‘ग्रेड ५’ या टायटॅनियमच्या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं; ते कापताना टूल लवकर झिजतं, किंमत तिथे चढते. पण हा धातू उष्णता वाहून नेण्यात फार मंद, त्यामुळे दिव्याची उष्णता आतच साचते. बराच वेळ झगझगीत उजेड हवा असेल, तर ॲल्युमिनियमच घ्या. आणि आटे कोरडे ठेवू नका, ते एकमेकांत धरतात. ग्रीसचा पातळ हात पुरतो.